लिंगाला जाळ्याचा दोरा

पाण्यात उतरायच्या आधी गळ्यातलं लिंग काढून ठेवावं की नाही, या एका प्रश्नाने त्या आखाडात मला फार छळलं. आमच्या घरात इष्टलिंग अंगावरून उतरत नाही. लहानपणी गुरूंनी दिलेलं लिंग चांदीच्या डबीत घालायचं, शिवदोऱ्यात ओवून गळ्यात बाळगायचं, रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. आजारात नाही, प्रवासात नाही, झोपेतसुद्धा ते उतरत नाही. पण ज्यांनी हे नियम घालून दिले, त्यांच्या डोळ्यांपुढे कमरेला भलामोठा पतंग बांधून धरणाच्या पाण्यावर पळणारी मुलगी कुठून असणार?

मी तेच करते. आमचं सोनपेठला किराणा दुकान आहे आणि आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढून पदवी घेऊन उतरलेली मी पहिली. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. परभणीत मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी वाऱ्यामागे धावते. आमची तिघांची टोळी आहे. पिंगळीत टायरचं दुकान चालवणारा साजिद काही वर्षं दक्षिणेत समुद्रकाठी कामाला होता, तिथे तो हे पतंगाचं वेड शिकून आला. गंगाखेडची शुभांगी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. हिवाळ्यात पैसे आणि रजा जमली तर आम्ही कोकणात लाटांवर जातो. एरवी आमचा समुद्र म्हणजे येलदरीचं धरण. आखाडात तिथे असा वारा सुटतो, की पाण्यावर पांढऱ्या फेसाच्या लाटा उठतात. काठावर म्हशी राखणारी म्हातारी माणसं आम्हाला पतंगात हवा भरताना बघून म्हणतात, "पोरींनो, संक्रांत कवाच झाली की!"

तर लिंगाचा प्रश्न. कमरेच्या पट्ट्याला लोखंडी आकडा असतो, त्यात पतंग अडकवायचा. आधीच्या खेपेला डबी त्या आकड्यावर आपटून छातीखाली काळंनिळं झालं होतं. म्हणून त्या सकाळी मी ठरवलं, आज काढून साजिदच्या गाडीत ठेवायचं. देव आहे की नाही, ही माझी शंका नव्हती. माझी शंका साधी होती: वारा कुठून येतो, पतंग का उचलतो, हे सगळं मला कळतं, मग माझ्या या पाण्यात त्याचं काय काम? अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे बोलून दाखवलं असतं तर ते भांडले नसते. त्यांनी मला पाण्यात जायला कधी अडवलं नाही. एकच अट घातली होती, "लिंग अंगावर ठेवून जाशील तर जा." म्हणजे लिंग उतरवणं हा माझ्या आणि अण्णांच्या शब्दाचाही प्रश्न होता.

मी दोरा डोक्यावरून काढायला लागले तेवढ्यात साजिद म्हणाला, "काय करायलीस मॅडम?"

"गाडीत ठेवते. लागतं रे ते."

त्याने दंडावरचं ताविज दाखवलं. "तू उतरिवलंस तर मलाबी उतरवावं लागंल. अन् अम्मी मला घरात घेणार न्हाई. दोघांचं नुकसान कशाला?"

शुभांगी हसत म्हणाली, "आखूड कर ना दोरा. गळ्याशी घट्ट बांध, एवढं काय!"

मी दोऱ्याला गाठ मारून तो आखूड केला. डबी गळ्याच्या खळग्यात, तरंगायच्या जाकिटाच्या वर आली. मनातून मी पुरती राजी नव्हते. तशीच पाण्यात उतरले.

सुरुवातीला वारा भरवशाचा होता, एका दिशेने, एका जोराने. लाटांवरून पायाखालची फळी टपटप उड्या घेत होती. त्या वेळी मला नेहमी वाटतं तेच वाटत होतं, की माझ्या घराण्यात आजवर कुणी हे पाहिलेलं नाही. मग पश्चिमेला ढग काळा झाला आणि वाऱ्याने एकदम अंगात आल्यासारखं केलं. पतंगाने मला फळीवरून उचललं, पाण्यावर आपटलं आणि तो मला फरफटत नेऊ लागला. फळी केव्हाच सुटली होती. समोर बुडालेल्या बाभळी होत्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांची काळी, काटेरी खोडं वर येतात, ती धरण भरेपर्यंत तशीच असतात. तिथे आपटले असते, दोऱ्या अंगाभोवती गुंडाळल्या असत्या, तर मी हे लिहायला राहिले नसते.

यातला सगळ्यात पहिला धडा मला पाठ होता. पतंग ज्या दांडीने चालवायचा, ती ओढली की जोर वाढतो, सोडली की जोर जातो. साजिदने शेकडो वेळा सांगितलेलं, "भ्या वाटलं की दांडी सोड. धरायचं न्हाई, सोडायचं." मी स्वतः फळ्यावर बाण काढून पोरांना हेच समजावते. पण भ्यालेल्या अंगाला फळा दिसत नाही. बुडणारा जे हातात असेल ते आवळतो. मी दांडी छातीशी घेतली होती, आणि जेवढी घाबरत होते तेवढी जास्त ओढत होते. काठावरून साजिद ओरडत असणार. ऐकू काहीच येत नव्हतं. मी लढवय्यी आहे असं मला नेहमी वाटायचं, आणि त्या क्षणी माझं लढणंच मला मारायला निघालं होतं.

तेवढ्यात गळ्याला झटका बसला. जाकिटाच्या कडेला घासून घासून शिवदोरा तुटला. चांदीची डबी माझ्या डोळ्यांसमोर जाकिटावरून घसरली. मी विचार केला नाही. दोन्ही हात दांडीवरून सुटले आणि डबीवर गेले.

पतंगाचा जोर तिथेच संपला. तो वर फडफडला आणि थकलेल्या गुरासारखा पाण्यावर बसला. मी थांबले. बाभळी इतक्या जवळ होत्या, की खोडांवरची जुन्या पाण्याची रेघ मला दिसत होती. डाव्या मुठीत डबी होती. मी वाचले हे कळायच्या आधी मला एवढंच कळलं, की लिंग पाण्यात गेलेलं नाही.

खोडांच्या आडून थर्माकोलच्या लादीवर बसून एक माणूस वल्हवत आला. बाभळींत जाळं सोडवत होता तो. म्हणाला, "काय गं माय, आभाळातनं पडलीस व्हय?" मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. त्याने मला लादीला धरायला लावलं, दोऱ्या गोळा केल्या, पतंग ओढून आणला. माझी डावी मूठ उघडत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"हाताला लागलं का?"

मी मूठ उघडली. त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. "लिंग हाय व्हय. मग म्या हात लावत न्हाई. आमच्या गावात हाय एक लिंगायत स्वामीचं घर, त्येंच्यातबी लावू देत न्हाईत." मग त्याने जाळ्यातला हिरवा नायलॉनचा तुकडा दाताने तोडला आणि दुसरं टोक धरून माझ्यापुढे केला. "घे. तूच ओव. गाठ दोनदा मार."

डोक्यावर वादळी वारा, खाली खोल पाणी, आणि मी माशांचा वास येणाऱ्या त्या लादीवर कोपर टेकून माझं लिंग जाळ्याच्या दोऱ्यात ओवत होते. इतकी शांत पूजा मी घरात कधी केली नाही.

त्याने मला काठाच्या उथळ पाण्यात सोडलं आणि वळला. शुभांगी धावत येऊन मला मिठी मारत शिव्या घालत होती. साजिद पांढरा पडला होता. तो एवढंच म्हणाला, "शेवटी दांडी सोडलीस ना? बस." या गडबडीत त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं. वळून पाहिलं तर तो पुन्हा बाभळींत शिरला होता.

शुभांगी म्हणते, ती अंगाची झटकन झालेली हालचाल होती. खरं आहे. मीही वर्गात असंच सांगितलं असतं. त्या माणसालाही मी देव म्हणत नाही. तो माणूस होता, त्याच्या पायाला चिखल होता. मी फक्त एवढं सांगते, की जे सोडायचं होतं ते मला माझ्या शिक्षणाने आणि हिमतीने सुटत नव्हतं, ते सुटलं. कुणी सोडवलं, याचा वाद मला घालायचा नाही.

घरी जाऊन मी अण्णांना सगळं सांगितलं, लिंग उतरवायला निघाले होते तेही. लपवून पुढच्या वेळी जायचं, हे मला जमणार नव्हतं. जायचं मात्र होतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पूजेला बसलो. मी डाव्या तळहातावर लिंग घेतलं. लहानपणापासून रोज घेते, पण तळहात उघडा ठेवावा लागतो, मुठीत पूजा होत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. पूजा झाल्यावर अण्णा कितीतरी वेळ त्या हिरव्या दोऱ्याकडे बघत राहिले.

"दोरा बदलायचा का?" त्यांनी विचारलं.

"नको, अण्णा."

"हं. घट्ट दिसायलाय." मग उठता उठता आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिला रविवारी जायचंय. धपाटे किती जणांचे करायचे ते विचार."

"चौघांचे," मी म्हणाले.

"तुमी तर तिघंच की," आई आतून म्हणाली.

"भेटला तर चौथ्याला."

त्या रविवारी तो भेटला नाही, नंतरही नाही. काठावर जो कुणी असेल, म्हशीवाला, जाळीवाला, वाटसरू, त्याला आम्ही चौथ्याचे धपाटे देतो. मग हिरवा दोरा गळ्याशी चाचपून मी पाण्यात उतरते. वारा अजूनही कधी अंगावर येतो, भीती अजूनही वाटते, हात अजूनही आधी आवळतात. मग एकेक बोट मी उघडते.