पालथा कप

सरजाबाईचा जन्म पोलीस ॲक्शनच्या सालचा. निजाम गेला अन् ही आली, असं तिची आय सांगायची. ती आठ-नऊ वर्षांची असताना बापानं घरातले देव टोपलीत घालून मांजरा नदीत सोडले आणि बजावलं, आजपासून आपण बौद्ध, कुणापुढं वाकायचं न्हाई.

म्हणायला काय जातंय! लगीन होऊन ती रेणापूरजवळच्या गावात आली आणि पोटासाठी धोंडाबाईच्या रानात खुरपायला लागली. तिथं तिचा कप वेगळा, गोठ्याच्या कोनाड्यात. च्या प्यायचा, आपणच धुवायचा, पालथा घालायचा. नामांतराच्या दंगलीत तिचं छप्पर जळालं, लेकरू कडेवर घेऊन ती रानात लपली. कप काही जागचा हलला नाही. भूकंपात गोठा पडला. नव्या गोठ्यात नवा कोनाडा झाला.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, त्या दिवशी तिनं साखर वाटली आणि धोंडाबाईचं काम सोडलं. पुढं नातीला, लुंबिनीला, तिनं हेच सांगून वाढवलं, की त्यानंतर वेगळ्या कपात च्या म्या पिले न्हाई. खरंच होतं ते. पण त्या घराची पायरीही ती पुन्हा चढली नव्हती.

लुंबिनी आता लातूरला कॉलेजात शिकवते. भाषणात पोरांना आजीची गोष्ट सांगते. म्हातारीला त्याचा केवढा तोरा!

परवा लुंबिनीच्या लग्नाची पत्रिका द्यायला दोघी लातूरहून कार घेऊन गावात गेल्या. धोंडाबाईच्या लेकानं, बजरंगनं, आग्रहानं घरात नेलं, सोफ्यावर बसवलं. त्याच्या सुनेनं, शिल्पानं, सगळ्यांना सारख्याच कपात चहा दिला. सरजाबाई ताठ बसून प्याली. कप रिकामा झाला, तशी ती उठली, मोरीवर गेली, कप विसळला आणि कट्ट्याच्या कडेला पालथा घातला.

कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही!

बाजेवरची म्हातारी धोंडाबाई सवयीनंच बोलून गेली, "तिथं नको सरजे, कोनाड्यात ठिव."

शिल्पाचं तोंड एवढंसं झालं. बजरंग मोबाईलमध्ये बघायला लागला. सरजाबाईला धरणी दुभंगावी असं झालं. धोंडाबाईचं तिला काही वाटलं नाही. नातीकडं बघायची हिंमत होईना.

परतताना लुंबिनी समोर बघत कार चालवत होती. म्हातारीच म्हणाली, "हातानं धुतला गं. म्या न्हाई."

आता पोरगी भडकेल, जन्मभर थापा मारल्यास म्हणेल, असं तिला वाटलं. म्हणावं, तेवढंच मन हलकं होईल. पण लुंबिनीनं कार कडेला घेतली.

"आजी, तू उठलीस तेव्हाच मला कळलं होतं. तुझा हात धरायला पाहिजे होता. पण सगळ्यांसमोर कसं दिसेल, म्हणून मी गप बसून राहिले."

आणि तिनं मान खाली घातली. सरजाबाई त्या मानेकडं बघत राहिली. ही लाज आपल्यासंगं मातीत जाईल, एवढीच तिची आशा होती. आता ती पोरीलाही लागली होती.