आईच्या तळहाताला न पटलेला चेहरा

कपड्यांच्या दुकानांत काचेआड उभे असतात ना, त्या पुतळ्यांचे चेहरे रंगवणं हे पॉलिशताईंचं काम. गालावर पॉलिश पेपर घासायचा, रंगाचा थर द्यायचा, पुन्हा घासायचं, पुन्हा थर. नाव त्यावरूनच पडलं. कारखान्यात बाई अशा तोऱ्यात वावरायच्या, जणू जगातले सगळे गाल यांनी पास केल्यावरच बाहेर पडतात!

ऐन चाळिशीत त्यांच्या गालांवर पुळ्या उगवल्या. डॉक्टरांनी व्हिटॅमिन ए चं मलम दिलं नि बजावलं, "वाटाण्याएवढंच. एक दिवसाआड, रात्री." ताई मनात हसल्या. एका थरात कधी काम होतं? रोज रात्री जाड थर, सकाळी टॉवेलने खसाखसा घासून दुसरा.

गाल लालभडक झाले, चरचरू लागले, पापुद्रे सुटले.

"ताई, तुमचा रंगाखालचा प्रायमर निघाला!" कारखान्यातला साचेवाला ओरडला.

"तू तुझं टक्कल सांभाळ!"

पण घरी आई होती. तिची नजर गेलेली. रोज संध्याकाळी ती लेकीच्या चेहऱ्यावरून तळहात फिरवायची आणि ओळख पटली की मगच जेवायची. त्या संध्याकाळी तळहात गालावर आला नि थबकला.

"कोण?"

"अगं आई, मी!"

"आवाज अगदी तिचा काढता हो," आई हळूच म्हणाली. "चेहरा कुणाचा घातलाय?"

पोटच्या पोरीला अहो-जाहो! आईने ताट सरकवलं आणि दाराकडे तोंड करून लेकीची वाट पाहत बसली. लेक समोरच उभी.

दुसऱ्या दिवशी ताईंनी डोळे न रंगवलेल्या एका बाई-पुतळ्याच्या गालावर हात ठेवला. गुळगुळीत, गार. हिला घरी नेऊन बसवलं तर आई जेवेल, असं वाटून गेलं; आणि अंगावर सर्रकन काटा आला. त्या तडक औषधांच्या दुकानात गेल्या.

"मलम बंद. घासणं त्याच्याआधी बंद," दुकानदारीणबाई म्हणाल्या. "गार पाण्याने धुवा, टिपा, गाल ओलसर असतानाच बिनवासाचं साधं क्रीम लावा. रात्री वर पेट्रोलियम जेली. उन्हापासून जपा. फोड किंवा सूज आली तर लगेच डॉक्टर. नाहीतर गाल निवल्यावर त्यांना विचारून पुन्हा, वाटाण्याएवढंच."

"आणि दुसरा थर?"

"ताई, तुम्ही भिंत आहात का?"

ताईंनी त्या रात्रीपासून अगदी तसंच केलं. तेवढे दिवस आई त्या 'परक्या बाई'च्या, म्हणजे लेकीच्याच, आग्रहाखातर कसेबसे दोन घास खायची आणि तिलाच सांगायची, "आमची लेक फार तोऱ्याची हो. पण येईल."

हळूहळू आग थांबली, पापुद्रे गेले, गाल मऊ झाले. एका संध्याकाळी आईचा तळहात पुन्हा फिरला.

"आलीस गं बाई! होतीस कुठे?"

ताईंच्या डोळ्यांना धार लागली. आई पोटभर जेवली. मग लेकीच्या खांद्यापलीकडे मान वळवून म्हणाली, "त्या बाईंनाही वाढ की. केव्हाच्या तुझ्यामागे उभ्या आहेत."

ताईंनी मागे वळून पाहिलं नाही. गुपचूप दुसरं ताट घेतलं.