माह्या घरचं चूलबंद आवतण

हसायचं असंल तं आधीच हसून घ्या बापा. मंग मधातच दात काढसान तं मी सांगणं बंद करीन, अन् तुमचा चहा थंडा होईन. हा जो घोटाळा हाय, तो माह्याच डोक्यातून निघाला, माह्याच तोंडानं गावभर गेला. आठवला का मले वाटते, आपणच आपल्याले दोन थापडा हाणाव्या. अन् त्याच वेळी अंगावर काटाही येते. आता थापड अन् काटा एका जागी कसा, ते आयका.

मी कंजूष हावो. लाजायचं काय त्यात? रिठदपासून केनवडपर्यंत कोणालेही इचारा. माह्या घरी पाहुणा आला तं मी म्हणतो, "बसा, चहा होऊन राह्यला." अन् तो होतच राहते. पाहुणा उठून जाते, चहा काही उतरत नाही.

शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. मास्तरनं वजाबाकी काढली. आपल्याजवळचं दुसऱ्याले द्यायचं अन् उरलं किती ते सांगायचं! हे काही मले पटलं नाही. शाळा सोडली.

तं झालं असं. आमची सून वैशाली, पोरगी गुणाची, पण मोबाईलचा नाद. पोळ्या लाटता लाटता एका कोटवाल्या बाबाले आयकते. तो कोटवाला म्हणते, "पैशाला मुठीत कोंडू नका. मूठ उघडा. मन मोठं करा, मग आयुष्य मोठं होतं."

मी म्हणलं, "त्याले इचार, कोट कोनाच्या पैशानं शिवला?"

"आबा, तुमच्या ना, मनातच टंचाई हाय," सून म्हणे.

"मनात टंचाई हाय तं टँकर बोलाव!"

पाह्यलं? असं बोलून मी उठून जायचो. आपल्याले वाटे, जिंकलो.

आता आमच्या घरचीचं आयका. रुखमा तिचं नाव. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. चुलीपुढं बसली का भाकर कुठं अन् तवा कुठं, असं झालं. वाशीमले आपरेशन केलं. पट्टी सोडली, अन् तिनं पहिले माह्याकडे पाह्यलं. मले वाटलं, आता रडन, हात जोडन. तं म्हणे, "मायबाई! तुमी एवढे म्हातारे झाले?"

अन् दुसरं वाक्य, "रोडगे कधी करता?"

तिनं मले न इचारता आमच्या वावरातल्या मारोतीले नवस बोलला होता. डोळा आला तं तुह्यापुढं रोडग्याची पंगत देईन म्हणून. रोडगे म्हणजे कणकेचे जाड जाड गोळे. गोवऱ्याच्या आरात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे, वरून तूप. संग वांग्याची भाजी अन् वरण. आमच्या इकडच्या देवाले पेढ्या-बर्फीनं भागत नाही, त्याले रोडगेच लागते.

म्हणलं, "करू. आपल्या घरचे अन् शेजारचे. झालं."

रुखमा म्हणे, "नाही. चूलबंद द्यायचं."

माह्या हातातला अडकित्ता खाली पडला.

तुमाले आवतणाच्या तऱ्हा माहीत नसतीन तं सांगतो. एक असते घरटी एक माणूस. घरातून एकानं यायचं, जेवायचं, जायचं. अन् दुसरं असते चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूलच पेटवायची नाही. म्हातारी, लेकरू, सुना, घरी आलेला सोयरा, सारे जेवायले. साऱ्या गावाले चूलबंद देणारा माणूस म्हणजे हत्तीच्या काळजाचा. अन् माहं काळीज तं तुमाले आता माहीत झालंच हाय.

"येड लागलं काय तुले?" मी म्हणलं.

तिनं भांडण नाही केलं. भांडली असती तं मी जिंकलो असतो. ती खाली पाहून बोलली, "या घरात आली तवापासून माह्या हातानं चार परक्या मानसायले पोटभर वाढलं नाही. डोळे गेले व्हते तवा तेच एक वाटे. आपून तसंच जातो आता. एकडाव वाढू द्या. मंग काहीच नाही मागणार."

नाही म्हणायची छाती नव्हती. अन् हो म्हणायची ऐपत... ऐपत होती हो, दानत नव्हती.

रातभर—नाही, रातभर नाही, मले झोप तं चांगली लागते. सकाळी दात घासता घासता डोक्यात दिवा लागला. काय दिवा म्हणता! शनिवारी केनवडच्या एका गुत्तेदाराचा, म्हणजे ठेकेदाराचा, भंडारा होता. तो दरसाल करते. बुंदीचे ढीग, भोंगे, मंडप. आजूबाजूचे गावच्या गावं तिकडं जाते. आमच्या गावात त्या दिवशी कुत्रंही राहत नाही.

म्हणलं, वा रे पठ्ठ्या! त्याच शनिवारी चूलबंद देऊन टाकू. शनिवार मारोतीचाच वार, कोणाले संशय नाही. आवतण साऱ्या गावाले, अन् जेवणारे आमी घरचेच. नाव दिलदाराचं, खर्च कंजुषाचा. नवस फिटला, बायको राजी, पीठ शाबूत. मले माह्याच डोक्याची इतकी मया आली का टोपी काढून डोकं कुरवाळलं.

सुनेले बोलावलं. "वैशाली, तुह्या कोटवाल्याचं पटलं मले. मूठ उघडतो म्हणतो."

पोरीच्या डोळ्यात पाणी. "आबा! खरंच?"

"खरंच तं काय! शनिवारी वावरात रोडगे. साऱ्या गावाले चूलबंद."

तिनं लगेच मोबाईल माह्या तोंडापुढं धरला. "तुमच्याच आवाजात बोला आबा. गावच्या ग्रुपवर टाकते."

मी घसा खाकरला. "रामराम मंडळी. येत्या शनिवारी आमच्या वावरातल्या मारोतीपुढं रोडगे हाय. साऱ्या गावाले चूलबंद आवतन. सोयऱ्याधायऱ्यासकट या. लाजू नका."

ते 'सोयऱ्याधायऱ्यासकट' कोणी सांगतलं होतं मले? कोणीच नाही! फुकटाची दिलदारी हाय ना, ती अशी चढते डोक्यात.

मी चूळ भरून येतो न येतो, तं शेजारचा गुलाबराव दारात. लहानपणापासूनचा दोस्त. माह्याजवळ बसला, नाडी धरली.

"तात्या, खरं सांग. डॉक्टरनं काही मुदत देल्ली काय तुले?"

"काहून?"

"मंग चूलबंद काहून देऊन राह्यला?"

"मन मोठं केलं," मी म्हणलं.

गुलाबरावनं माह्याकडे असं पाह्यलं, जसं बैल बोलला.

अन् रुखमा? ती फक्त म्हणे, "शनिवार काय? बरं." बस. नव्या डोळ्यानं मले खालपासून वरपर्यंत पाह्यलं अन् पायात चपला घातल्या. "बायायले आवतन मी जाऊन देते. मोबाईलवरचं बायायले लागत नाही."

जा म्हणलं. बोलण्याले काय पैसे पडते?

शनिवार उजाडला. मी वांग्याची एक टोपली, बचकभर डाळ अन् पिठाचा एक डबा घेऊन वावरात गेलो. कडूलिंबाखाली बसलो. मारोती समोर, शेंदूर लावलेला, डोळे वटारून. मी म्हणलं, "काय देवा, कशी केली?" त्यानं काही डोळे मिटले नाही.

इतक्यात फटफटीचा आवाज. गुलाबराव! पुढं नातू, मागं बायको, अन् दोघाच्या मधात त्याची म्हातारी माय दाबून बसवलेली.

"तू केनवडले नाही गेला?" माह्या तोंडातून निघूनच गेलं.

"केनवडची बुंदी दरसाल खातो तात्या. तुह्या घरचं अन्न कोनं पाह्यलं? माय म्हने, मराच्या आधी एकडाव पाहू दे."

म्हातारीनं माह्या डोक्यावर हात ठेवला. "मोठा झाला रे पोरा," म्हणे.

मले कसंतरी झालं. पण ते जास्त वेळ टिकलं नाही, कारण मागून ट्रॅक्टर आला. ट्रॉली भरून माणसं. त्याच्या मागं दुसरा. मंग ऑटो. मंग धुऱ्याधुऱ्यानं पायी येणाऱ्याची रांग, लेकरं खांद्यावर. हे आमच्या गावचे. अन् हे पागोटेवाले कोण? हे तं रिठदचे! अन् ते? केनवडचे! माह्या आवाजाचा तो मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर, सोयऱ्यातून सोयऱ्यात फिरला होता. ज्यानं जन्मात चहा पाजला नाही तो चूलबंद देऊन राह्यला, हे पाहाले लोक असे येऊन राह्यले होते जसं दोन तोंडाचं वासरू पाहाले येते!

अन् माह्याजवळ पिठाचा डबा एक.

मी मारोतीच्या मागं जाऊन बसलो. म्हणलं छातीत दुखते म्हणून आडवा होऊ. म्हणलं वावराले आग लागली म्हणून वरडू. पण मंग लिंबाकडे नजर गेली. रुखमा तिथं उभी. नवं लुगडं नेसलेली, हातात तुपाचा गडवा, येणाऱ्या एकाएकाले म्हणून राह्यली, "या बापा, बसा. या माय." आता घडीभरात ही वाढाले उठन, अन् वाढाले काही नसन. जन्मातून एकडाव मागतलं तिनं, अन् तेही मी असं दिलं. मारोतीपुढं डोकं टेकलं. म्हणलं, "मले काय करायचं ते कर देवा. पण तिचं हसं नको करू."

डोकं वर केलं, अन् काय पाहतो!

बाया रांगेनं खाली बसून राह्यल्या. हरेकीनं पदराखालून पुरचुंडी काढली. पीठ! कोणी वाटीभर, कोणी शेरभर. गावच्या बाया, अन् त्याहिच्या सोयऱ्या असलेल्या रिठदवाल्याही. मोठमोठ्या परातीत सारं पीठ एकात. कुणाचं कुणाले कळू नये. ज्याच्या घरी चार ट्रॅक्टर त्याचंही अन् जी दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाते तिचंही. माणसं गोवऱ्या रचून राह्यले. कोणी वांगे चिरून राह्यला. मी कोणाले काही सांगतलं नव्हतं हो! वरडून सांगतो, काहीच सांगतलं नव्हतं!

अन् कळस आयका. केनवडचा तो गुत्तेदार सोता आला. पांढरे कपडे, गळ्यात चेन. म्हणे, "तात्या, माह्या मंडपात मानूसच नाही. म्हनलं पाहून यावं, कोन हाय बा हा." अन् त्याच्यामागं टेम्पोत त्याची सारी बुंदी! "हेही इथंच वाढू."

धूर असा उठला का मारोतीचा झेंडा दिसेना. भाजलेल्या रोडग्याचा वास साऱ्या शिवारात. पंगतीवर पंगती. हे वावर मी जन्मभर पाह्यलं हो. याच्यात सोयाबीन किती होईन, तूर किती होईन, एवढंच पाह्यलं. माणसं पिकलेलं पहिल्यांदा पाह्यलं. अन् त्याच्यातून रुखमा फिरून राह्यली तुपाचा गडवा घेऊन. गडवा रिता झाला का कोणीतरी भरून देये. तिचा हात थांबत नव्हता. मी तिथंच उभा, तोंड उघडं टाकून. म्हणलं, देवा, हाय तू. आजवर मी तुह्यापुढं नुसती टोपी काढत होतो, पण हाय तू, हे आज कळलं.

जेवणं आटोपली. गुत्तेदारासंग आलेल्या भजनवाल्या बुवानं आपला माईक माह्यापुढं धरला. "तात्या, दोन शब्द."

आता एवढा मोठा चमत्कार पाहून खोटं कसं बोलता? मी म्हणलं, होऊन जाऊ द्या.

"मंडळी, मी लबाड मानूस हावो. तुमी येऊ नये म्हनून मी आवतन देल्लं व्हतं. केनवडचा भंडारा पाहूनच मी हा दिवस काढला. मले एक दाना खर्च कराचा नव्हता. यातलं माहं काहीच नाही."

म्हणलं आता चपला येतीन.

बुवानं दोन्ही हात जोडले. गहिवरून म्हणे, "पाहा! एवढं करूनही मानूस म्हनते, यातलं माहं काहीच नाही! याले म्हनते मीपना जाने!"

टाळ्या! अशा टाळ्या का लिंबावरचे पाखरं उडाले.

"अवो, खरंच सांगून राह्यलो! कंजूष हावो मी!"

अजून टाळ्या. गुत्तेदार डोळे पुसत पुसत येऊन पाया पडला. गुलाबराव उभा राहून म्हणे, "अन् आमी याले चिंगूस म्हनत व्हतो! लानत हाय आमच्या जिंदगानीवर!" सून मोबाईल धरून पुढं आली, "आबा, ते लबाडवालं अजून एकडाव म्हना, आवाज कटला."

साऱ्या गर्दीत एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हतं. लिंबाच्या बुडाशी बसून, तोंडात पदर कोंबून, हलून हलून हसत होतं. रुखमा!

मी गेलो तिच्यापाशी. "दात कायले काढतं? देवानं लाज राखली. बायाच्या पदरात पीठ पैदा केलं त्यानं!"

"देवानं?" ती डोळे पुसत म्हणे. "घरोघरी जाऊन मी सांगतलं. आमच्या मानसाचा नवस हाय, हरेक घरचं पीठ एका परातीत आलं पाह्यजे. पन त्याहिले म्हनू नका, त्याहिले लाज वाटते."

मी खालीच बसलो. "तुले... तुले कधी कळलं?"

"तुमी शनिवार म्हनलं, तवाच."

तिकडं बुवा माईकवर माहं मोठेपण सांगून राह्यला होता, लोक मान हलवून राह्यले होते. मी भर सभेत खरं बोललो, अन् तीन गावच्या लोकायतून एकानंही माह्यावर इश्वास ठेवला नाही. ठेवला तं फक्त माह्या बायकोनं. एकाएका शब्दावर.