सुभेदारांचा पहिला घास

ये गं, अशी जवळ बस. दारातनं पळायची लय वाईट खोड हाय तुला! आमच्या शेजारच्या सुभेदारांची गंमत तरी ऐकून जा.

फौजेत ते जवानांना जंगलात तग धरायला शिकवायचे. अनोळखी पाला आधी मनगटाला चोळायचा, मग ओठाला लावून थांबायचं, काही झालं न्हाई तरच खायचा. पेन्शन घेऊन कुंडलला आले, पण हाताची सवय काही जाईना.

परवा त्यांच्या नव्या सुनेनं पहिल्यांदाच स्वयंपाक केला. पाहुण्यांची पंगत बसलेली, मी वाढायला. तिनं केलेली अंबाडीची भाजी ताटात पडली, आणि सुभेदारांनी चिमूटभर उचलून मनगटाला चोळली! ओठाला लावून डोळे मिटून बसले. पोरीचे डोळे भरले.

सासू कडाडली, "आवं, सुनेनं इख घातलंय व्हय?"

सुभेदार दचकले. ताट उचलून थेट सुनेसमोर जाऊन बसले. "चुकलो, पोरी. आण ते पातेलं."

सगळी भाजी एकट्यानं पुसून खाल्ली. सून हसायला लागली, "मामंजी, पाहुण्यांना तरी ठेवा की!"

पळीला लागलेली मी नंतर चाखली. नुसतं मीठ गं! आणि त्या माणसानं मधे पाण्याचा घोटसुद्धा घेतला न्हाई.

आता चार दिवस काढून लवकर ये. तिच्या हातचं जेवायला नेते तुला.