उलटे काका आणि जिन्यातलं कपाट

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि ते माझ्याच दिशेने येत होते.

त्यांच्या समोर पंधरा-वीस पाहुणे. पाहुणे सरळ चालत होते, ते उलटे. मान वळवत नव्हते. बोलणं थांबवत नव्हते. फळांची गाडी आली, तिला त्यांनी वळसा घातला. गटाराचं उघडं झाकण आलं, ते ओलांडलं. मी बाजूला व्हायचं विसरले. त्यांनी मलाही वळसा घातला आणि जाता जाता म्हणाले, "नवीन दिसतेस. काल इथे नव्हतीस."

त्याच दिवशी मी शहरदर्शनाच्या कार्यालयात नोकरीला लागले होते. साहित्यात एम.ए. केल्यावर मिळालेलं काम असं: बंदरामागच्या जुन्या वस्त्यांमध्ये घरांवर लावायच्या पाट्यांचा मजकूर लिहायचा. त्या वस्त्यांमध्ये मूळचं कोणीच नाही. कोणी डोंगरापलीकडून आलेलं, कोणी बेटांवरून, कोणी बोटीने समुद्र ओलांडून. गल्ली बदलली की बोलणं बदलतं. या गल्ल्यांमधून पाहुण्यांना पायी फिरवणारे गाईड आमच्या कार्यालयात बरेच होते. उलटा चालणारा एकच. सगळे त्यांना उलटे काका म्हणत. तेही फोनवर तसंच नाव सांगत.

"अगं, सवय आहे," ते मला म्हणाले. "जन्मभर सामान वाहिलं. जड सामान दोघांनी उचलायचं असतं. एक सरळ चालतो, एक उलटा. मी उलटा."

"पण मागचं दिसतं कसं?"

"मागचं कशाला बघायचं? समोरच्याचं तोंड बघायचं. मागे खड्डा असला की त्याच्या तोंडावर दिसतो."

मी साहित्याची आहे हे कळल्यावर ते खूश झाले. "आजवर नुसतं सामान होतं. आता साहित्यही आलं." तेव्हापासून माझं नाव साहित्य पडलं. चहावाल्यापासून शिपायापर्यंत सगळे मला तेच म्हणू लागले.

त्यांची सहल म्हणजे सामानाचीच गोष्ट होती. कुठल्या घरात कोण राहिलं हे बाकीचे गाईड सांगत. काका सांगत, त्या घरात काय मावलं नाही.

"ही खिडकी एवढी रुंद का? बेटावरून एक न्हावी आला. येताना खुर्ची घेऊन आला, लोखंडी, गोल फिरणारी. जिन्यातून जाईना. मग खिडकी फोडून वर ओढली. आठवड्याने त्याला कळलं, दाढी करायला तीन जिने कोणी चढत नाही. खुर्ची परत खाली. खिडकी राहिली तेवढी."

किंवा, "या खोलीत डोंगरापलीकडचं एक कुटुंब होतं. जेवणाचं टेबल आत गेलं आणि खोली संपली. मग मुलं टेबलाखाली झोपायची. धाकटा शाळेत जायला लागला तेव्हा त्याला कळलं की लोकांच्या घरांना टेबलाच्या वरही छत असतं."

लोक हसत. काका त्यांच्या तोंडाकडे बघत हसत आणि मागे न बघता पायरी चढत. मी पाट्यांसाठी टिपून घ्यायला जायची आणि काही टिपायचीच नाही.

एकच गोष्ट माझ्या लक्षात आली होती. चांभारांच्या चौकातून पुढे सर्वांत जुनी गल्ली लागते. बोटीने आलेली माणसं पहिल्यांदा तिथेच राहिली. सगळे गाईड तिथे जातात. काका मात्र चौकात आले की दुसरीकडे वळत. विचारलं तर म्हणत, "तिथे ओल फार आहे."

मग तो बाकाचा प्रकार झाला.

नगरपालिकेने एका कोपऱ्यावर रातोरात नवीन बाक बसवला होता. दुसऱ्या दिवशी काका तिथे पोचले तेव्हा नेमके सगळे पाहुणे मान वर करून न्हाव्याची खिडकी बघत होते. एकाच्याही तोंडावर बाक दिसला नाही. काका सरळ जाऊन बसले. बाकावर नाही, बाकावर पेपर वाचत बसलेल्या गृहस्थांच्या मांडीवर. गृहस्थ सभ्य होते. ते एवढंच म्हणाले, "पेपर वाचून होऊ द्या."

पाहुण्यांना हा सहलीचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या कार्यालयाच्या मॅडमना तसं वाटलं नाही.

"उद्या बाकाऐवजी विहीर असेल," त्या काकांना म्हणाल्या. "रविवारी मी स्वतः सहलीला येते. सरळ चालायचं, सगळ्या गाईडसारखं. नाही जमलं तर बिल्ला ठेवा टेबलावर."

काका बिल्ला शर्टाच्या खिशावर लावत. तिथे हात ठेवून ते बाहेर आले.

आम्ही सराव केला. काका पुढे, मी मागे पाहुणी म्हणून. काका सरळ चालले आणि एक शब्द बोलले नाहीत. गल्ली संपली.

"काका, बोला की."

"कोणाशी? समोर भिंत आहे."

"मग थांबा, वळा आणि बोला. सगळे तसंच करतात."

ते थांबले. वळले. माझ्याकडे बघत राहिले. "पाय थांबले की माझं तोंड थांबतं," ते ओशाळून म्हणाले.

मग मीच एक युक्ती काढली. ते उलटेच चालतील, मी समोर राहून रस्ता सांगेन. काका एकदम गंभीर झाले. सामान वाहणाऱ्यांचा नियम त्यांनी मला सांगितला. वस्तू मोठी असली की समोरच्याचं तोंड दिसत नाही. म्हणून सरळ चालणारा उलट्याच्या मागची जागा बघतो आणि म्हणतो, हं. हं आल्याशिवाय उलट्याने पाऊल उचलायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही.

आम्ही निघालो. काकांनी न्हाव्याची गोष्ट सुरू केली. मी ती इतक्या वेळा ऐकली होती, तरी रंगले. गोष्ट ऐकताना आपण जे करतो तेच मी केलं. "हं," मी म्हणाले.

काकांनी पाऊल उचललं आणि भाजीवाल्याच्या पाण्याच्या बादलीत ठेवलं.

"तू गोष्ट ऐकतेस," काका पाय झटकत म्हणाले. "या कामाला गोष्ट न ऐकणारा माणूस लागतो."

"असा आहे एक," काकू म्हणाल्या.

आम्ही आता काकांच्या घरी, स्वयंपाकघरात बसलो होतो. काकांचा बूट खिडकीत वाळत होता. काकूंचं वाक्य ऐकून काका उठले आणि बूट वाळला का ते बघायला गेले. तो काही इतक्यात वाळणार नव्हता.

काकूंनी मला सगळं सांगितलं. काकांचा जन्मभराचा जोडीदार म्हणजे त्यांचा मेहुणा, काकूंचा दादा. मी त्यांना मामा म्हणते. मामा सरळ चालायचे, काका उलटे. साऱ्या वस्तीची घरं या दोघांनी हलवली. शेवटी मामांनी स्वतःचं घर बदललं, त्या जुन्या गल्लीतून. घरात आईचं कपाट होतं. बोटीतून आणलेलं, आरशाचं, एकसंध, एकही स्क्रू नसलेलं. "आई बोटीत दोन्ही हातांनी कपाट धरून बसली होती," काकू म्हणाल्या. "आम्हाला म्हणाली, तुम्हाला पाय आहेत, तुमचं तुम्ही उभे राहा."

कपाट जिन्यातून उतरवताना मधल्या वळणावर अडकलं. घरमालकाने त्याच आठवड्यात तिथे लोखंडी कठडा बसवला होता. काकांना जिना पाठ होता, कठडा ठाऊक नव्हता. हं आला नव्हता आणि पाऊल पडलं. कपाट भिंत आणि कठडा यांच्यात असं रुतलं की वरही जाईना, खालीही येईना. कठडा कापायला मालक तयार नव्हता. कपाट तोडायला मामा.

"अजून तिथेच आहे?"

"तिथेच. आणि हे दोघं तेव्हापासून बोलत नाहीत. जेवायला दर महिन्याला एकत्र बसतात. हे म्हणतात, तुझ्या भावाला सांग, मीठ दे. तो म्हणतो, तुझ्या नवऱ्याला सांग, भाजीत आहे."

दुसऱ्या दिवशी काकूंबरोबर मी मामांकडे गेले. बंदराजवळ त्यांचं खुर्च्या विणायचं दुकान आहे. लहानखुरे, पांढऱ्या भरघोस मिशांचे, वेताची टोकं दातांत धरून बोलणारे.

"मांडीवर बसला म्हणे लोकांच्या," ते म्हणाले.

"एकाच्याच," मी म्हणाले.

"दादा, रविवारी ये," काकू म्हणाल्या. "नाहीतर बिल्ला जाईल. घरात बसला तर हा माणूस मला उलटा चालून दाखवेल दिवसभर."

मामांनी वेत ओढून घट्ट केला. "येतो. पण सहल त्या जिन्यात न्यायची. आणि लोकांसमोर त्यानेच सांगायचं, कपाट कसं अडकलं ते. जसं झालं तसं."

काकांना निरोप सांगितला. ते बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले.

"सामान पडलं तर हमाल चुकतो," ते म्हणाले. "मी कधी पाडलं नाही. अडकलं. एकदाच. तेही सासूचं." मग उठून म्हणाले, "सरळ चालून बघतो रविवारी."

रविवारी ते सरळ चालले. मॅडम पहिल्या रांगेत होत्या. काकांची पाठ ताठ, हात पँटच्या शिवणीला. पहिली गल्ली एका शब्दाविना झाली. टेबलाच्या घरासमोरून आम्ही मुकाट्याने पुढे गेलो. एका पाहुण्याने मला हळूच विचारलं, "पुढे काही दुःखद आहे का?"

मॅडम घड्याळ बघत नव्हत्या. काकांच्या पाठीकडे बघत होत्या. मला ते जास्त वाईट वाटलं.

कोपऱ्यावर, त्या बाकावर, मामा बसले होते. इस्त्रीच्या कपड्यांत. काका जवळ आले तसे ते उठले आणि पाहुण्यांच्या पुढे येऊन उभे राहिले. कोणाकडे पाहिलं नाही.

काका थांबले. मग सावकाश वळले. आता दोघं समोरासमोर. मामांनी काकांच्या खांद्यावरून मागचा रस्ता नीट न्याहाळला.

"हं," मामा म्हणाले.

काकांनी पाऊल मागे टाकलं आणि तोंड उघडलं. "ही खिडकी एवढी रुंद का?"

त्यानंतर जे झालं ते मी पाटीवर लिहू शकत नाही. काका बोलत होते, मामा हं देत होते. मधेच मामा पाहुण्यांना सांगत, "खुर्ची खाली आणताना हा ओरडत होता, ते सांगत नाही बघा." काका म्हणत, "ओरडत नव्हतो, श्वास घेत होतो." मामा म्हणत, "हं. पायरी." काका पायरी उतरत. बोलत नसलेली दोन माणसं इतकी बोलताना मी पाहिली नव्हती.

चांभारांचा चौक आला. काका सवयीने दुसरीकडे वळायला लागले. पाय उचलून थांबले. हं आला नव्हता.

मामा शांत उभे होते. रस्ता मोकळा होता. पाहुणे दोघांकडे बघत होते. मॅडमनी मला खुणेने विचारलं, काय झालं. मी मान हलवली. काकांचा हात बिल्ल्यावर गेला. बिल्ला चाचपून तो खाली आला.

त्यांनी उचललेला पाय खाली ठेवला आणि पाठ जुन्या गल्लीकडे केली.

"हं," मामा म्हणाले. या वेळी जरा मऊ.

कपाट जिन्याच्या वळणावर होतं. मी वर्णन ऐकलं होतं, तरी दचकले. काळसर, उंच, अंगाने थोडं कललेलं, जणू जिना उतरताना दम खायला थांबलंय. वरच्या खणात बिऱ्हाडकरूंच्या छत्र्या. खालच्या खणात चपला. आरसा मात्र लख्ख पुसलेला. जिना उतरणारी एक बाई आमच्या गर्दीतून वाट काढत आली, आरशात केस सारखे केले आणि निघून गेली. आमच्याकडे पाहिलंही नाही.

पाहुणे पायऱ्यांवर दाटीवाटीने उभे राहिले. काका खालच्या पायरीवर, जिथे तेव्हा होते तिथे. मामा वर.

"हे माझ्या सासूचं कपाट," काका म्हणाले. "समुद्र ओलांडून आलं. हा जिना त्याला ओलांडता आला नाही. कारण मी." ते थांबले. पाय थांबलेले होते, तरी बोलले. "हं आला नव्हता. मला वाटलं, जिना मला पाठ आहे, हं कशाला पाहिजे. मी पाऊल टाकलं."

मामा मिशीला हात लावून उभे होते.

"आता उरलेलं मी सांगतो," मामा म्हणाले. "कठडा मला दिसत होता. मी ओरडून थांब म्हणायला पाहिजे होतं. पण मला शिंक येत होती. ती मी दाबत होतो. शिंकलो असतो तर कपाट हातातून सुटलं असतं."

काकांनी वर पाहिलं. "शिंक?"

"शिंक."

"आणि हे तू आज सांगतोस."

"तू कधी विचारलंस? माझ्याशी बोलत नव्हतास."

आधी मॅडम हसल्या. मग सगळा जिना. काका कठड्याला धरून खालच्या पायरीवर बसले आणि डोळे पुसत राहिले. मामा खाली उतरून त्यांच्या शेजारी बसले. दोघांना मिळून पायरी पुरत नव्हती.

एका पाहुण्याने सुचवलं, आता कठडा कापून कपाट काढता येईल. वरच्या मजल्यावरून लगेच आवाज आला, "आणि छत्र्या कुठे ठेवायच्या?"

"राहू दे," मामा म्हणाले. "आईला वस्तीतच राहायचं होतं."

बिल्ला काकांकडेच राहिला. मॅडमनी एकच अट घातली: मामा बरोबर असतील तरच उलटं चालायचं. मामांना बिल्ला नको होता. "हं म्हणायला बिल्ला कशाला?" ते म्हणाले. तरी मॅडमनी तो दिलाच. मामा तो शर्टाच्या आत लावतात.

आता दर रविवारी सहल जिन्यात संपते. मामा आईच्या आरशात मिशा विंचरतात. खाली काका एका पायावर तोल सावरत उभे.

"अरे, किती वेळ?"

मामा मिशीचं दुसरं टोक नीट करतात. काका पाय खाली ठेवत नाहीत.

कपाटासाठी पाटीचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आहे. अजून लिहून झालेला नाही.