अंजलीच्या नावावरचं मत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज लिहायला बसलो, तरी आधी आकडे आठवतात — माणूस नंतर. सवयच तशी. लातुरात एका डाळमिलच्या वजनकाट्यावर मी बावीस वर्षं आहे; पोत्यामागे पाव किलोचा फरक मला चालत नाही. लोक म्हणतात, मन्मथअप्पा सांगतील ते खरं.

अंजली माझी पुतणी. नायगावहून दादानं तिला मेडिकलच्या क्लाससाठी आमच्याकडे ठेवलं होतं. सातशेवीसपैकी पहिल्या चाचणीत ४१२, सातवीत ५६८. कॅलेंडरवर मीच लिहून ठेवायचो.

आणि तो सिनेमा. देखणा, गोड बोलणारा, हसत हसत गळे चिरणारा खुनी. असल्या सिनेमांनी पोरं बिघडतात, घरात लावू नका — असं भावकीच्या ग्रुपवर मीच टाकलं होतं. न बघता. मग एका रविवारी बायको भजनाला आणि अंजली चाचणीला गेल्यावर बघितला. पुढच्या रविवारी पुन्हा. मग तिसऱ्यांदा. का? खरं सांगू? मला तो खुनी आवडला. तो कुणालाच भीत नव्हता.

ती चाचणीला गेली की अंजलीचा टॅब घरीच असायचा. त्यावर मी प्रेक्षकांची मतं वाचायचो. चाळीस मोजली, एकतीस जणांनी शिव्या घातल्या होत्या. मला राहवेना. खाली लिहिलं — ‘हिरोपेक्षा खुनी लाख पटीनं बरा. तो हसला की सगळं माफ करावंसं वाटतं. तीनदा बघितला, पुन्हा बघणार.’ आणि पाठवून दिलं. टॅब तिचा, खातं तिचं. मतावर तिचं नाव आणि फोटो आला. काट्यावर घ्यायच्या आधी पोतं कुणाचं ते बघायचं असतं — हे मी रोज दुसऱ्यांना सांगतो.

भावकीतल्याच कुणीतरी ते मत ग्रुपवर टाकलं. सकाळी दादाचा फोन आला. “मन्मथा, तुझ्या घरात हे चाललंय अन् तुला पत्ता न्हाई?”

काय म्हणायला हवं होतं मी? दादा, ते मी लिहिलं. चार शब्द.

“न्हाई दादा,” मी म्हणालो, “मला काय माहीत?”

नायगावहून जीपनं यायला तीन तास लागतात. ते तीन तास अंजली माझ्यासमोर होती. तिनं टॅब माझ्यापुढे धरला, बोटानं वेळ दाखवली. “काका, रविवारी या वेळेला मी पेपरात होते.” घरात त्या वेळी कोण होतं, हे तिला माहीत नव्हतं का?

“मी बोलतो दादाशी,” म्हणालो. तिला ते खरं वाटलं. उठून तिनं चहा ठेवला — दादासाठीही.

दादा आला. चपलाही काढल्या नाहीत. “डॉक्टर व्हायला ठेवली व्हती का खुन्यावर भाळायला? भर बॅग!”

अंजली माझ्याकडे बघत होती. मी घसा खाकरला. आणि म्हणालो — इथं हात थांबतोय — म्हणालो, “पोरी, शिकायच्या वयात हे शोभतं का तुला?”

तिनं मान खाली घातली. सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं असतं, माझ्या शब्दापुढे? दहा मिनिटांत बॅग भरली. परीक्षेला एकोणसाठ दिवस उरले होते. ती परीक्षा तिनं कधीच दिली नाही.

आता ती नायगावात एका बालवाडीत शिकवते. या दिवाळीला सगळे जमलो होतो. पंगतीत वाढता वाढता तिनं विचारलं, “काका, सध्या काय बघताय टीव्हीवर?” आवाजात काही नव्हतं. निदान मला तरी ऐकू आलं नाही.

“बातम्या,” मी म्हणालो.

तेही खोटंच होतं.