ड्रमच्या गाडीवरचा सिनेमा

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या बाई मूळच्या पिशोरच्या. कागद मशीनमध्ये घातला की त्या मोबाईल आपल्यापुढं धरतात. "तवर हे बघा, लई भारी हाय." कधी पेन्सिलीच्या टोकावर कोरलेला हत्ती, कधी नुसती झाडं लावायचा गेम, कधी मोडक्या बाबागाडीवर कॅमेरा बसवून सिनेमा काढणारा कुणी परदेशी. आवडलं म्हटलं की लगेच पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, "बघितलं का नाय?" न बघता हो म्हटलेलं त्यांना बरोबर कळतं.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात टँकरच्या पाइपवरून माझं आणि शेजारच्या जाधवांचं कडाक्याचं भांडण झालं. पंधरा दिवस बोलणं बंद. एका रविवारी बाईंनी पाण्याचे ड्रम वाहायच्या हातगाडीवर मोबाईल बांधला आणि आम्हा दोघांना बोलावलं.

"पिक्चर काढतेय, तुमच्याच भांडणाचा. पण जाधवभाऊ, तुमी सर व्हा. आन् सर, तुमी जाधवभाऊ."

सर म्हणजे मी. सगळी गल्ली जमली होती, त्यामुळं नाही म्हणता येईना. जाधव माझ्यासारखा चष्मा वर सरकवून ओरडले, "मी टॅक्स भरतो, आधी माझा ड्रम!" माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मला आधी लाज वाटली, मग हसूच फुटलं. जाधवही हसायला लागले.

बाईंनी गाडी मागं ओढली. "हसू नका हो! नीट भांडा. परत घ्यायचं."

सात वेळा घेतलं. भांडण काही जमलं नाही.